सीमारेषेवरची पांढरी पिकअप

हॉर्नचे बटण मधोमध झिजून राखाडी पडले होते, अंगठ्याएवढ्या जागेत – आणि ब्रॉन्विन हातातल्या बॅटरीचा झोत नेमका त्याच्यावर धरून उभी होती. उजेड हवा होता तो खाली, जिथे बाबा स्टिअरिंगखाली डोके घालून आडवे झाले होते.

"ब्रॉन, उजेड इकडे. मॅच बघायला आलीयस का?"

तिने झोत खाली वळवला. गुरुवार होता, दुपारचे तीन वाजले असतील, शेडच्या पत्र्यावर काकाकुव्यांची टोळी नखे घासत होती. शनिवारी टॅलिंगाच्या मैदानावर चौदा वर्षांखालच्या मुलींचा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा हंगामातला पहिला सामना, ब्रॉन्विन त्यांची प्रशिक्षक, आणि बाबांच्या, म्हणजे डेस पॅस्कोच्या, पिकअपचा हॉर्न उन्हाळाभर मुका. आमच्याकडे गाड्या मैदानाकडे तोंड करून सीमारेषेला लावतात, आणि गोल झाला की टाळ्या वाजवायला कोणी काचा खाली करत नाही. हॉर्न वाजवतात.

"या वेळी टाळ्या वाजव, बाबा."

"टाळ्या? लोक म्हणतील, डेस म्हातारा झाला."

"एकाहत्तर म्हणजे काय तरुण?"

"तुझ्या गुडघ्यापेक्षा तरुण."

हे खरे होते. डाव्या गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया, पाच हंगाम, एकतीस सामने – बायकांची देशपातळीवरची लीग सुरू झाली तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती, पहाटे गोदामात खोकी उचलायची आणि संध्याकाळी सरावाला जायची, आणि तिच्या शेजारी पळणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलींना जे न विचार करता जमायचे ते ती विचार करून करायची. बत्तिसाव्या वर्षी संपले. पहिल्या सामन्याच्या वेळी गावच्या वर्तमानपत्राने बाबांना गाठले होते. 'मध्यंतरी तिला नेटबॉलचं वेड लागलं होतं. स्वतः सोडलं, स्वतः परत आली.' ते कात्रण अजून फ्रिजवर आहे. दर वेळी दूध काढताना ती ते वाचते आणि दार लावते.

वेड…

वीस वर्षांपूर्वी तिचा चौदावा वाढदिवस मंगळवारी होता, आणि हे त्याच्या आधीच्या शनिवारचे. मुलांच्या संघात ती एकटी मुलगी. त्या दिवशी तिने तीन गोल मारले. चेंडू उंच खांबांच्या मधून गेला की मैदानाभोवती हॉर्नचा कल्लोळ व्हायचा – शेजारच्या मर्व्हच्या ट्रकचा सगळ्यांवर ताण करणारा – पण पांढरी पिकअप गप्प. पहिल्या गोलनंतर तिला वाटले, बाबा थर्मासमधून चहा ओतत असतील. दुसऱ्यानंतर तिने मुद्दाम तिकडे पाहिले. काचेमागे बाबा होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. तिसऱ्यानंतर तिने पाहिलेच नाही.

परतताना गव्हाच्या कोठारांपाशी त्यांनी गाडी कडेला घेतली आणि खिशातून जिल्हा संघटनेचे पत्र काढले. बाबा क्लबचे सचिव होते, पत्र त्यांच्याच नावाने आले होते, गुरुवारीच. चौदा पूर्ण झालेल्या मुलीला मुलांच्या संघात खेळता येणार नाही. मुलींचा संघ दोनशे किलोमीटरांत कुठे नव्हता. तिने ते दोनदा वाचले. मग तिचे लक्ष पत्र धरलेल्या अंगठ्याकडे गेले. तो हलत होता. बाबांच्या हाताचे काही हलताना तिने कधी पाहिले नव्हते… आणि टेबलावरून पडणारा कप झेलावा तसे ती पटकन म्हणाली,

"बरंच झालं. मला तसंही नेटबॉल खेळायचं होतं."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी श्वास सोडला. गाडी सुरू केली.

नेटबॉलमध्ये चेंडू हातात आला की थांबावे लागते. तिचे पाय थांबत नसत. दोन पावले पुढे पडायची आणि शिट्टी वाजायची. पाच वर्षे, दर शनिवारी, ती शिट्टी. कुंपणापलीकडे मुले खेळत असायची आणि त्यांच्यासाठी हॉर्न वाजायचे.

"ब्रॉन." स्टिअरिंगखालून. "एक विचारू?"

"विचार."

"ते नेटबॉल… तुला आवडायचं ना?"

बॅटरीचा झोत हलला नाही. याचा तिला अभिमान वाटला – आणि नंतर, बऱ्याच नंतर, राग आला.

"आवडायचं की."

"हं." तार खरवडल्याचा आवाज. "पक्कड दे."

मग हॉर्न वाजला, छपरावरचे काकाकुवे एकदम उडाले, आणि बाबा हसता हसता डॅशबोर्डवर डोके आपटून घेऊन शिवी हासडत बाहेर आले. ती निघताना ते म्हणाले, "शनिवारी लवकर ये. नाहीतर मर्व्ह माझी जागा बळकावेल."

शुक्रवारी सकाळी फोन मर्व्हचाच आला. बाबा मागच्या पायरीवर सापडले होते, एक बूट पायात, दुसरा हातात.

अंत्यविधीसाठी सामना आठवडाभर पुढे गेला. त्या शनिवारी ब्रॉन्विनने पिकअप बाबांच्या जागी आणून लावली. जागा रिकामी होती. मर्व्हने दोन्ही बाजूंना खुर्च्या मांडून ती राखली होती. 'पहिलं सत्र तू सांभाळ,' असे तिने मदतनीस बाईंना सांगितले आणि ती गाडीतच बसून राहिली. बावीस नंबरची टिली, जर्सी गुडघ्यापर्यंत लोंबणारी, तिरक्या कोनातून चेंडू मारून मोकळी झाली. गोल. चहूकडून हॉर्न.

ब्रॉन्विनचा अंगठा झिजलेल्या जागेवर होता. दाबला गेला नाही. तेव्हा तिला दिसले, गाडीच्या आतून हे असे दिसते – ती पोर तिकडे हात वर करून पळते आहे, आणि तिला अजून माहीत नसलेली गोष्ट तुझ्या खिशात आहे. हॉर्न वाजवायचा तरी कसा? बाबांना वाचवले असे मी वीस वर्षे समजत आले. त्यांना काहीतरी म्हणायचे होते, आणि म्हणायला मी जागाच ठेवली नाही. कोठारांपाशी नाही. गुरुवारी, स्टिअरिंगखालून, त्यांनी स्वतः विचारले तेव्हाही नाही…

काचेवर टकटक झाली. तिने काच खाली केली. मर्व्ह, हातात चहा.

"काय गं, हॉर्न बिघडला का?"

"नाही मर्व्हकाका, चालू आहे. बाबांनी दुरुस्त केला."

"मग वाजव की! तुझ्याच पोरी आहेत."

त्याने चहा डॅशबोर्डवर ठेवला, तिच्याकडे एकदा पाहिले आणि तो आपल्या ट्रककडे गेला. तिने काच वर केली. मैदानाच्या मध्यावर चेंडू पुन्हा उडाला.

"मला नेटबॉल कधीच नको होतं, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. आवाज साधाच निघाला, पक्कड मागावी तसा. "मला हेच हवं होतं. तू भांडायला हवं होतंस. आपण हरलो असतो तरी चाललं असतं."