वीज गेली की माझी पाळी

मित्रांनो, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जनाना रुग्णालयाचा मी जुने तेल-इंजिन. शहराची वीज गेली की डायनामो फिरवून शस्त्रक्रियेच्या खोलीत उजेड द्यायचा, एवढेच माझे काम. ते मी एकदाही चुकवले नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मला सांभाळायचे मल्हारराव मिस्त्री. त्यांचे वडील तोफखान्यात होते. लोखंडाशी अदबीने वागण्याची सवय घरचीच. दर सोमवारी ते मला थोडा वेळ चालवत. मग महायुद्ध आले, तेल मिळेनासे झाले. मोठे डॉक्टर म्हणाले, "मल्हारराव, नुसते चालवून बघण्यात तेल जाळू नका."

"तेल नको, साहेब. शेडची किल्ली तेवढी माझ्याकडे राहू द्या."

तेव्हापासून दर सोमवारी मल्हारराव माझे जड चाक हातांनीच फिरवत. "मिस्त्रीजी कसरत कर रहे हैं," म्हणून लोक हसत. पण माझा एकही भाग गंजून अडकला नाही.

१९४३च्या जेठात, ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी आंधी आली. धुळीने असे अंधारले की समोरचा लिंब दिसेना. विजेच्या तारा तुटल्या. आत डॉक्टर विजयाबाईंनी एका अडलेल्या बाळंतिणीचे पोट नुकतेच उघडले होते. नर्स कंदील धरून उभी राहिली, पण तेवढ्याने भागत नव्हते.

मल्हाररावांनी ज्योत लावून माझे डोके तापवले; ते तापल्याशिवाय माझ्यातले तेल पेटत नाही. चाकाला झटका द्यायला मात्र दोघे लागत, आणि त्यांचा जोडीदार वादळात अडकलेला. व्हरांड्यात त्या बाईचा नवरा, किला गेटचा टांगेवाला दौलतसिंह, भिंतीला टेकून उभा होता.

"भैया, इधर आओ. ये पहिया पकड़ो."

"पर मेरी घरवाली अंदर..."

"उसी के लिए बुला रहा हूँ."

पहिल्या झटक्याला मी नुसता खोकलो. दुसऱ्याला धूर काढला. तिसऱ्या वेळी दौलतसिंहाने दात आवळून जोर लावला आणि मी धडधडू लागलो. आत दिवे लागले. विजयाबाईंनी मान वर केली नाही. "चिमटा द्या," म्हणाल्या आणि काम पुढे चालू केले.

मुलगी झाली. आई वाचली.

पुढच्या सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी न मागता तेलाचा डबा पाठवला. बारा दिवसांनी घरी निघालेली ती बाई मुलीला घेऊन शेडपाशी थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मल्हाररावांनी बसायला आपले स्टूल पुढे केले.

मित्रांनो, गप्प उभ्या असलेल्या यंत्राला निकामी समजू नका. अधूनमधून त्याला हात लावा, पुसा, फिरवून बघा. हाक येईल तेव्हा उठायला मी तयार आहे. तोवर मला गंजू देऊ नका.