मडक्यातला विस्तव

थायलंड-ब्रह्मदेश सरहद्दीवरच्या मोई नदीकाठी आमचं बांबूचं घर होतं. आता तिथं मक्याचं रान आहे. पण ओल्या लाकडाचा धूर कुठंही नाकात गेला, की मी पुन्हा वीस वर्षांची बाळंतीण होते, आणि माझी सासू मू पॉ पाठीशी विस्तवाला फुंकर घालत बसलेली असते.

पोटुशी असताना दर मंगळवारी मी होडीनं पलीकडच्या दवाखान्यात जायची. नर्स एह वा रक्त तपासायला बोटाला सुई टोचायची. दोनदा हिवताप निघाला, दोनदा गोळ्यांनी उतरला. मुलगी घरीच झाली. पुढचा मंगळवार आला, तेव्हा सासू म्हणाली, “आता कशाला टोचून घेतेस? पोट मोकळं झालं, तापही गेला त्याच्यासंगं.”

आमच्यात बाळंतिणीच्या कुशीला सात दिवस विस्तव. नवऱ्यानं पेटवायचा, सासूनं राखायचा. मधेच विझला, तर आईचं दूध आटतं म्हणतात.

चौथ्या दिवशी माझं अंग तापलं. सासूला केवढा आनंद! “शेक लागला गं बाई अंगी!” म्हणत तिनं आणखी दोन लाकडं सारली.

पाचव्या दिवशी भर दुपारी, जाळाशेजारीच, माझे दात वाजू लागले. सासूनं कपाळाला हात लावला. तिचा चेहरा उतरला.

“विस्तवाजवळ माणूस भाजेल, कुडकुडेल कसं? ठा से, होडी सोड!”

“आई, सात दिवस झाले नाहीत,” माझा नवरा ठा से चाचरला. “विस्तव मोडला तर...”

“मोडतोय कोण? तू होडी वल्हव, तोंड नको.”

तिनं निखारे मडक्यात भरले, मडकं मांडीवर घेतलं. वाटभर फुंकत, गुणगुणत राहिली:

जळ माझ्या विस्तवा, हळू जळ बाळा,
पाण्यावरनं नेते तुला, मिटू नको डोळा.

“मावशी, इथं भात शिजवायचाय का?” दवाखान्यात मडकं बघून एह वा म्हणाली.

“तू तुझी सुई टोच. मी माझा विस्तव राखते.”

हिवतापच निघाला. “बाळंतपणानंतरही धरतो हा, मावशी,” एह वा हळूच म्हणाली. सासूनं मडकं जवळ ओढलं. फुंकत राहिली.

तीन दिवस गोळ्या चालल्या, तीन दिवस दवाखान्याच्या पडवीत निखारे. ताप उतरला, दूध टिकलं. मग कळलं, होडीतच तिची लुंगी जळून मांडीला फोड आला होता.

“बोलला का नाहीत?”

“तुझे दात एवढे वाजत होते, माझं कोण ऐकणार?”

आज तीच मुलगी माझ्यापुढं बाळंतीण होऊन निजलीय.

“आई, अंग गरम लागतंय गं.”

“आधी विस्तवापासून लांब सरक,” मी म्हणते. घटकाभरानं कपाळाला हात लावते. गार आहे.

तरी मंगळवारी सुईला न्यायचंच. मडकं धुऊन ठेवलंय.