संबोधीच्या घरचा मिक्सर

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे आणि हळू बोलणं मला जन्मात कधी जमलं नाही. कुजबुज ऐकायची हौस असेल त्यानं चहाच्या गाळणीकडे जावं. माझा आवाज गल्लीच्या टोकाला उभं राहिलं तरी ऐकू यायचा. आता मी कसबा बावड्यातल्या एका स्वयंपाकघरात खिडकीखालच्या फळीवर बसून असतो आणि जुन्या दिवसांच्या आठवणी काढतो. दुसरं काम उरलेलं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता यायचं नाही. खोक्यातला अंधार तेवढा आठवतो. उजेड पाहिला तो लग्नाच्या मांडवात. हातकणंगल्याच्या मामांनी भाचीला, म्हणजे आमच्या रूपालीला, मला आहेर म्हणून दिलं होतं. बुद्धवंदना झाली, पंगती उठल्या आणि मी नवरीबरोबर टेम्पोत बसून बावड्याला आलो. कपाट, गाद्या, भांडी सगळी मागे दोरीनं बांधलेली. मी मात्र रूपालीच्या मांडीवर होतो. रस्त्यात खड्डा आला की ती मला घट्ट धरायची. असा मान किती मिक्सरांना मिळतो, तुम्हीच सांगा.

घरात माणसं तीन. रूपाली, तिचा नवरा प्रसेनजीत आणि सासूबाई मीनाबाई. प्रसेनजीत शिरोलीकडच्या, लोखंड ओतायच्या एका फौंड्रीत कामाला होता. लग्नाआधी त्यानं तालमीत कुस्ती केलेली, त्यामुळे मान बैलाची आणि जीव लोण्याचा. दिवसभर कारखान्याचा घणघणाट ऐकून आलेल्या त्या माणसाला माझा आवाज म्हणजे डासाची गुणगुण वाटायची.

मीनाबाईंनी पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून नाक मुरडलं. "पाट्यावरची चव ह्या डबड्याला कुठली?" म्हणाल्या. डबडं! मला! मी ठरवलं, दाखवतोच आता. रविवारी सुकं खोबरं, तीळ, खसखस, आलं-लसूण, मूठभर कोथिंबीर माझ्यात पडली आणि मी असं मऊसूत वाटण काढून दिलं की रश्श्यावर तर्री नुसती तरंगत होती. मीनाबाईंनी दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला. पुढं त्यांचे गुडघे धरले आणि पाटा-वरवंटा परसात गेला. मग त्याच मीनाबाई आल्यागेल्याला सांगू लागल्या, "आमचा मिक्सर म्हंजे नाद खुळा!"

काय ते रविवार होते! आमच्याकडे रविवारी मटण शिजलं नाही तर घरात कोण आजारी आहे का, असं शेजारी विचारतात. दहा वाजले की गल्लीतल्या घराघरांतून मिक्सर सुरू व्हायचे आणि त्या सगळ्यांत माझा आवाज वरचढ असायचा. मी उगीच फुशारकी मारत नाही. पलीकडचे बाळासो भिंतीवरून ओरडायचे, "पैलवान, तुमचा मिक्सर हाय का उडतं इमान?"

मग संबोधी जन्मली. बाळंतिणीच्या लाडवांचं खारीक-खोबरं मीच दळलं. पोर दिसायला अशी की बघणाऱ्यानं कडेवर घ्यायला हात पुढं करावा. पण ती हाताकडे बघायची नाही. दोन वर्षांची झाली तरी बोलेना. हाक मारली तर वळेना. मीनाबाईंना वाटलं, पोरीला ऐकू येत नाही. मला विचाराल तर त्या घरात तिच्याइतकं ऐकू कुणालाच येत नव्हतं. बाहेरच्या खोलीत बिस्किटाचा कागद वाजला तर ती आतून धावत जायची.

तिची आवडती जागा म्हणजे हेच स्वयंपाकघर. ज्वारीच्या डब्यात हात घालायचा, मूठ भरायची आणि दाणे सोडत बसायचं. ऊन त्या दाण्यांवर पडलं की ती स्वतःशीच हसायची. तिथंच, डब्याशेजारी बसून, ती पांढरा रस्सा आणि भात खायची. दुसरं काही नाही, दुसरीकडे कुठं नाही. तिचं ते हसणं बघायला मला फार आवडायचं. पण रूपालीचा हात माझ्या बटणाकडे गेला रे गेला की पोर किंकाळी फोडायची, कानावर हात दाबून जमिनीवर डोकं आपटायची. बटण दाबायच्या आधीच! आवाज करणं हा तर माझा धर्म. मी करणार तरी काय होतो?

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, संबोधी स्वमग्न आहे. ऑटिझम म्हणतात तो हाच. हा रोग नाही, औषधानं जायचा नाही, तिची जग समजून घ्यायची रीतच वेगळी आहे. रूपाली त्या दिवशी माझ्यासमोर ओट्याला धरून रडली. मीनाबाई म्हणाल्या, "बोलंल की उशिरानं. आमचा पर्शा बी लई दिस मुकाच हुता." पर्शा म्हणजे प्रसेनजीत. त्यानं मात्र डॉक्टरांचं एकच वाक्य गाठीला बांधून आणलं होतं. हिला प्रत्येक गोष्टीचा हळूहळू सराव द्यावा लागेल.

सराव म्हटल्यावर पैलवानाला एकच सराव ठाऊक. जिथं दुखतंय तिथंच रगडायचं, म्हणजे अंग तयार होतं. तालमीतल्या वस्तादांनी त्याला तसंच घडवलेलं. तो रोज संध्याकाळी कामावरून आला की पोरीला उचलून आत आणायचा, मांडीवर बसवायचा आणि मला सुरू करायचा. रिकामाच! मिक्सर रिकामा फिरवणं हा मिक्सरचा अपमान असतो मित्रांनो, पण मला कोण विचारतो. पोरगी आकांत करायची. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचा, "ह्याला भ्यायचं न्हाय गं माझी वाघीण. व्हईल सवय."

त्याचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. तिच्यासाठी जीव टाकायचा तो. म्हणूनच कुणी त्याला अडवलं नाही.

हळूहळू तिचं ओरडणं कमी झालं. मग थांबलंच. प्रसेनजीत खूश. पण ती आता आपल्या पायानं स्वयंपाकघरात येईना. ज्वारीचा डबा तसाच पडून राहिला. भात सुटला, रस्सा सुटला. बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात बसून कोरडं बिस्कीट खायची, तेही अर्धं. रूपाली म्हणायची, "अवो, लेकीचं अंग बघा की. नुसती हाडं लागत्यात हाताला."

"सुरुवातीला अंग उतरतंच गं," तो म्हणायचा. पण त्याचाही आवाज बसत चालला होता.

अशात एकदा दीप्तीताई घरी आल्या. अशा मुलांना शिकवणाऱ्या बाई त्या. घरात पोर कशी राहते ते बघायला आल्या होत्या. प्रसेनजीतनं मोठ्या अभिमानानं संबोधीला आत आणलं, मला सुरू केलं आणि आवाज चढवून म्हणाला, "बघा मॅडम! आता रडतच न्हाय की!"

खरंच रडली नाही. भिंतीकडे तोंड करून लाकडासारखी ताठ उभी राहिली. दीप्तीताईंनी झटकन मला बंद केलं. त्या रागावल्या नाहीत. हळू म्हणाल्या, "दादा, तिला सवय नाही झाली. सांगून कुणी ऐकत नाही, म्हणून तिनं सांगायचं सोडलंय. हा आवाज तिला कानात सुई घातल्यासारखा लागतो. सराव द्यायचा तो तिच्या मर्जीनं."

तो एवढा आडदांड गडी मटकन खाली बसला. "मी माझ्या पोरीला रोज सुया टोचत हुतो व्हय," एवढंच म्हणाला.

त्याच दिवशी मी ओट्यावरून फळीवर गेलो आणि परसातला पाटा धुऊन आत आला. पाट्यानं माझ्याकडे असं बघितलं म्हणता! मीनाबाईंचे गुडघे गेलेले, रूपालीला कामं शंभर, म्हणून वाटायला बसला तो पैलवान. रोज कामावरून आला की पाय धुऊन, मांडी घालून, वरवंटा हातात. भिंतीवरून बाळासोंनी डोकावलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकवलं, "आरं या या! पैलवान वाटण वाटायलाय!"

"व्हय, वाटायलोय की," हा आतून गरजला. "काय म्हणणं हाय?" आणि लगेच जीभ चावून त्यानं दाराकडे बघितलं, पोरगी दचकली तर नाही ना म्हणून. बाळासोंनी ते बघितलं. पुन्हा त्यांनी कधी भिंतीवरून हाळी दिली नाही. काही सांगायचं असलं की चप्पल काढून आत यायचे.

पण संबोधी काही आत येईना. उंबऱ्यापर्यंत यायची, वर फळीकडे बघायची आणि परत फिरायची. माझ्यावर जुना टॉवेल टाकला. तरी बघायची आणि फिरायची. पोर वाळत चालली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिचं खाणं सुरू झालं नाही तर दवाखान्यात ठेवून नळीनं अन्न द्यावं लागेल. रूपाली उंबऱ्याशी बसून राहायची, पोरीची नजर जाते तिकडे बघत. एक दिवस तिला उमगलं.

"अवो, ती मिक्सरकडं बघत न्हाय," ती म्हणाली. "टॉवेलाखालनं वायर लोंबतीया. वायरीकडं बघतीया."

आमची संबोधी हुशार हो! माझं ओरडणं कुठून येतं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

प्रसेनजीत उठला आणि पकड घेऊन आला. मला उंबऱ्याजवळ जमिनीवर ठेवलं. मीनाबाई धावल्या, "आरं, चांगली चालू वस्तू मोडतोस व्हय? हिला बाहेर फिरवून आणू की वाटायच्या वेळंला!" त्यानं रूपालीकडे बघितलं. आहेर तिचा होता. मीही तिच्याकडेच बघत होतो. मला मांडीवर घेऊन आणलेली ती, ती नको म्हणेल असं मला वाटलं.

"कापा," रूपाली म्हणाली.

दुखलं का? खोटं कशाला बोलू, फार दुखलं. त्यानं बुडाशी धरून वायर कापली, पोरीला दिसेल अशी. "बोधे, बघ. आता ह्यो कधी वरडणार न्हाय." पिन असलेली वायर त्यानं उंबऱ्यावर ठेवली आणि पाट्याशी जाऊन बसला. कुणी तिला हाक मारली नाही, कुणी ओढलं नाही. तेवढं आता घर शिकलं होतं.

बराच वेळ गेला. संबोधी खाली बसली. पिन उचलली, तिचे पितळी दात बोटांनी चाचपले, मुठीत घट्ट धरली. मग एक पाऊल आत टाकलं. मग दुसरं. वायर फरफटत मागून येत होती. ती थेट बापाच्या शेजारी येऊन बसली. त्यानं मान वर केली नाही, वरवंटाही थांबवला नाही. रूपालीनं भात आणि पांढरा रस्सा कालवून ताटली नुसती पुढं सरकवली. संबोधीनं एक घास घेतला. मग दुसरा घेतला. एका हाताच्या मुठीत पिन आणि दुसऱ्या हातानं भात, असं ती सगळं ताट जेवली.

"का रं, रडतोस व्हय?" मीनाबाईंनी विचारलं.

"कांदा वाटायलोय न्हवं," तो म्हणाला. पाट्यावर नुसतं खोबरं होतं.

संबोधी आता शाळेत जाते. थोडे शब्द बोलते, थोडे चित्रं दाखवून सांगते. मिरवणुकीचे दिवस आले की कानावर जाड हेडफोन लावते. सगळं सोपं झालंय असं मी म्हणणार नाही. परवाच नवा गणवेश अंगाला टोचला म्हणून दिवसभर घरात दंगा चालला होता. रूपाली दमते, चिडते, मग हसतेही. आणि रविवारी गल्लीतले मिक्सर सुरू झाले की मला माझे दिवस आठवतात. आतून भरून येतं. एकदा, फक्त एकदा गरगर फिरावं असं वाटतं.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची शेवटी विनवणी असते, की आम्हाला जपा, टाकून देऊ नका. मी तसं म्हणणार नाही. तुमच्या वर्गात कुणी कानावर हात ठेवून बसलं तर त्याला हसू नका, आधी तुमचं बाक ओढणं थांबवा. तुमच्या घरात असं लेकरू असेल तर त्याला काय खुपतंय ते बघा आणि ती वस्तू खुशाल मोडा, मग ती माझ्यासारखी गुणाची का असेना. मिक्सर काय, बाजारात दुसरा मिळतो.