परत आलेलं पत्र

इंग्रजीच्या मास्तरांनी अख्खा जन्म एका शब्दाशी भांडण्यात घालवला. ‘डिस्कस’ या क्रियापदापुढे कुणी ‘अबाउट’ लावलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. ‘बद्दल’ त्याच्या पोटातच आहे, वर आणखी कशाला, म्हणत त्यांनी पस्तीस वर्षं वह्या लाल केल्या. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, तेव्हा परदेशी नोकरीला गेलेल्या एकुलत्या एका लेकीची पत्रं त्या हाताखाली आली.

ती इंग्रजीतच लिहायची, लहानपणापासून तशीच शिस्त होती. मास्तर पत्र तीनदा वाचत, चुकांभोवती लाल गोल काढत आणि तेच पत्र पाकिटात घालून परत पाठवत. सोबत खुशालीची ओळसुद्धा नाही. इतकं बारकाईने वाचतो ही माया नाही तर काय, असं त्यांना अगदी प्रामाणिकपणे वाटे. अशा प्रामाणिक माणसापुढे ब्रह्मदेवही हात टेकेल, तिथे बायको बिचारी काय करणार! एकदा लेकीने पोटातलं बाळ गेल्याचं कळवलं. तेही पत्र तीन गोल होऊन परत गेलं. त्यानंतर चार वर्षं पत्र नाही, फोन केला तर उचलायची नाही.

आता बायको अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी फार तर महिना सांगितला होता. तिचं मागणं एकच, लेकीला एकदा डोळे भरून पाहायचं.

मास्तर लिहायला बसले. मराठीत लिहावंसं वाटलं, पण मराठीत रडू आवरलं नसतं. आईच्या दुखण्याबद्दल तुझ्याशी बोलायचंय, लवकर ये, माझं चुकलं, एवढंच त्यांनी इंग्रजीत कसंबसं लिहिलं. आणि जन्मात पहिल्यांदा, लिहिलेलं पुन्हा न वाचता पाकीट चिकटवलं. वाचलं असतं तर फाडलंच असतं.

पुढे रोज फाटकाची कडी वाजली की बायकोची मान दाराकडे वळायची. एकोणिसाव्या दिवशी पोस्टमनने पाकीट दिलं, त्यावर लेकीचं अक्षर होतं. त्यांनी ते स्वयंपाकघरातल्या खिडकीशी उभ्यानेच फोडलं.

आत त्यांचंच पत्र होतं. ‘डिस्कस’पुढे त्यांच्याच हातून ‘अबाउट’ पडलं होतं, त्याभोवती लाल गोल. ‘माझं चुकलं’ या वाक्यातही एक गोल. बाकी काही नाही. त्यांनी कागद उलटून पाहिला, पाकिटात फुंकर मारून पाहिली. मग ओट्याला धरून उभे राहिले. बाळ गेल्याचं ते परत आलेलं पत्र तिने कसं फोडलं असेल, ते त्यांना आत्ता कळलं. आतून हाक आली.

“अहो, तिचंच ना?”

“तिचंच.” मास्तर कागद घेऊन पलंगाशी बसले, चष्मा लावला आणि नसलेलं पत्र वाचू लागले. सुट्टी मिळाली की निघतेय. आईला म्हणावं, दोन घास जास्त खा. माझी वाट बघ.

बायकोने डोळे मिटून सगळं ऐकलं. मग चाचपडत त्यांचा हात धरला.

“एवढं एक पत्र परत नका हो पाठवू. चुका असल्या तरी असू देत.”

“नाही गं पाठवत,” मास्तर म्हणाले. “एकही चूक नाहीये.”