पहिला गाल

“यांचा गाल नको,” गुंडो पडद्याआड येऊन कुजबुजला. “फार तापट आहेत.”

मथुरानं स्टोव्हवरची कॉफी उतरवली. मल्लेश्वरमच्या त्या चिमुकल्या सलूनमागंच त्यांचं घर, मध्ये नुसता पडदा. पलीकडं खुर्चीत बँकेतले उमाकांत तोंडाला फेस लावून बसले होते.

“अहो, जुना वस्तरा झिजून काडी झालाय. नवा काय पूजेला आणलाय?” ती म्हणाली.

“पहिला गाल जसा, तसा वस्तऱ्याचा स्वभाव. मग जन्मभर बदलत नाही. आमच्या अण्णांचं विसरलीस?”

विसरते कशी? सासऱ्यांनी आपला नवा वस्तरा आधी एका मिशाळ पैलवानावर चालवला होता. तेव्हापासून त्या वस्तऱ्याला साध्या दाढीत गोडीच उरली नाही. मिशी दिसली की हातातून ओढ घ्यायचा. येलहंक्याच्या एका लग्नात त्यानं नवरदेवासकट अख्ख्या वऱ्हाडाच्या मिशा उतरवल्या, आणि नवरीनं भर मांडवात विचारलं, “यातला माझा कुठला?” मथुरा ही गोष्ट सांगायची तेव्हा दर वेळी वऱ्हाड थोडं वाढायचं.

शेवटी उमाकांतही जुन्यावरच गुळगुळीत होऊन गेले.

पेपरात वस्तऱ्यातून पसरणाऱ्या रोगाच्या बातम्या यायला लागल्यापासून लोक नवं ब्लेड मागत होते. समोरच्या दुकानात तेच चालायचं. गुंडो मात्र म्हणायचा, पोलाद माणूस ओळखतं, ब्लेड कुणाला ओळखत नाही. म्हणून हट्टानं नवा वस्तरा आणला, त्याला खोबरेल पाजलं, हळदकुंकू लावलं. आणि आता गालच मिळेना. रोजच्या गिऱ्हाइकांत भीमाचार्यांचा गाल बडबड्या, श्रीहरीचा लबाड. जुना एकदा मोडला की ब्लेड हातात धरावं लागणार, या विचारानं त्याला जेवण जात नव्हतं.

दुपारी दुकान रिकामं झालं तशी मथुरानं पेटीतून नवा वस्तरा काढला.

“ठेव तो! बाईचा हात लागला की रुसतो.”

“कुणी सांगितलं?”

“अण्णांनी.”

“आमच्या आज्जीनं सांगितलंय, पहिली दाढी मालकाची आणि हात बायकोचा.”

“तुझी आज्जी आनेकलच्या बाजारात मिरच्या विकायची. तिला वस्तऱ्यातलं काय कळतंय?”

“धार कशाला म्हणतात ते तिच्याइतकं कुणाला कळतंय? बसा.”

खोटं बोलताना मथुराची डावी भुवई उडते, हे त्याला लग्नापासून ठाऊक. भुवई चांगली कपाळात गेली होती. तरी तो बसला.

“माझा गाल चालेल?” त्यानं हळूच विचारलं. “कसा आहे मी?”

“हट्टी,” ती फेस लावत म्हणाली. “पण वाईट नाही.”

दार सताड उघडं होतं. फुलवाली पाटी घेऊन थबकली. “एनक्का, काय चाललंय ताई? भांडण झालं?”

“भांडण नाही गं, मुहूर्त आहे.”

मथुरानं दोन बोटांनी त्याची कातडी ताणली. “स्वल्प वर, जराशी,” ती त्याच्याच सुरात म्हणाली.

साऱ्या मल्लेश्वरमला मान वर करायला लावणाऱ्या गुंडोनं डोळे मिटले, हनुवटी वर केली, आणि गळा तिच्या हाती दिला.