शिवण बाहेरच्या बाजूला

उपग्रह बुटांच्या खोक्याएवढा. स्वस्तातला, दुसऱ्यांच्या रॉकेटमधून पाहुण्यासारखा जाणारा. पण मोठ्या दुर्बिणींना ज्या एका ताऱ्याकडे फार वेळ बघायला सवड नव्हती, त्याचे क्ष-किरण हा वर्षभर मोजणार होता. क्ष-किरण आत यावेत आणि साधा उजेड अडावा म्हणून त्याच्या डोळ्यावर चंदेरी पापुद्र्याची टोपी होती. ती प्रयोगशाळेतल्या फिटरच्या बायकोने शिवली होती. टोपी शिवून दिली आणि महिन्याभरात ती आजारपणात गेली.

चाचणी अंधाऱ्या खोलीत होती. फिटरने टोपीभोवती पेटती बॅटरी फिरवली. शिवणीपाशी येताच पडद्यावरचे आकडे सैरभैर धावले.

"काका, उजेड शिरतोय," मॅडम म्हणाल्या. वयाने त्याच्या मुलीएवढ्या, पण प्रयोगशाळा त्यांची. "परवा खोकं पाठवायचंय. दुसरी तयार टोपी आहे. जाड आहे, निम्मे किरण खाईल. पण आता तीच लावू."

"म्हणजे हिची इथेच राहणार?"

"मला काय बरं वाटतंय का, काका?"

फिटर टोपी काढून घेऊन बसला. शेवटी शेवटी तिचा हात कापायचा, तरी टाके एकसारखे होते. सुईने पडलेल्या भोकांतून उजेड जाणार, हे तिला कळलं नसेल? तिला? त्याने शिवण चिमटीत धरली. आतून बोटभर पापुद्रा जास्तीचा सोडला होता आणि त्याच्या काठाला चिकटपट्टी होती, वरचा कागदही न काढलेली.

आतल्या बाजूला चिकटपट्टी कशाला?

मग त्याला आठवलं. दवाखान्यातल्या कॉटवरून ती म्हणाली होती, "अहो, शिवण बाहेर ठेवायची आणि पापुद्रा वरून दुमडून चिकटवायचा. ऐकताय ना?" तो "हो हो" म्हणाला होता. लक्ष सलाईनच्या थेंबांकडे होतं.

"मॅडम, टोपी मीच चुकीची घातली," तो म्हणाला. "जन्मभर बनियन उलटं घालतो म्हणून हिची बोलणी खाल्ली. एकदाच काय ते उलटं घालायचं होतं, तर नेमकं सुलटं घातलं."

मॅडम हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या.

त्याने टोपी उलटली, कागद सोलला, दुमड अंगठ्याने दाबून पक्की केली. बॅटरी पुन्हा फिरली. आकडे जागचे हलले नाहीत.

पाच महिन्यांनी वरून पहिली मोजणी आली. फिटर पडद्यासमोर खुर्ची ओढून जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसला.

"उद्याही येतील का आकडे?"

"रोज येतील, काका."

"मग उद्या येतो," तो म्हणाला.