पूर्ण वाक्यात चव

बाईंचं नाक तापात गेलं. नाक तसं जागेवरच होतं. वास तेवढा गेला आणि वासाच्या मागोमाग चव. ताप उतरला, अंगात ताकद आली, पण घास तोंडात घातला की नुसता भुसा. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल, किंवा भलतेसलते वास यायला लागतील, किंवा काहीच येणार नाही. उभी हयात शाळेत भूगोल शिकवण्यात गेलेल्या बाईंनी त्यांना विचारलं, की हे सांगायला तपासायची काय गरज होती. डॉक्टर त्यांचेच जुने विद्यार्थी होते. ते उठून उभे राहिले आणि फी न घेता दारापर्यंत सोडायला आले.

बाईंचे यजमान चष्मेवाले. बाजारपेठेत त्यांचं लहानसं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलायची, समोरची अक्षरं वाचून घ्यायची, यापलीकडे त्यांना बोलायची सवय नव्हती. घरी ताटात पडेल ते खायचं आणि विचारलंच तर "बरं आहे" म्हणायचं, असा त्यांचा संसार चालला होता. बाईंच्या हाताला चव होती असं सगळं गाव म्हणायचं. चष्मेवाल्यांचं म्हणणं, बरं होतं.

त्या वर्षी गावात, पावसात कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तशी खानावळी-उपाहारगृहं उगवली होती. गावाला वळसा घालून नवा रस्ता झाला होता आणि प्रत्येकाला वाटत होतं, की त्या रस्त्यावरची माणसं वाकडी वाट करून आपल्याच दारात जेवायला येणार. बंद पडलेल्या छापखान्यात सूप मिळू लागलं. न्हाव्याने अर्धं दुकान मासे भाजणाऱ्याला दिलं, आरसे मात्र तसेच ठेवले, त्यामुळे तिथे जेवणाऱ्याला स्वतःचा घास चारी बाजूंनी दिसायचा. निवृत्त झाल्यावर दर रविवारी एक ठिकाण करायचं, असं बाईंनी आजाराआधीच ठरवलं होतं. आता चवच गेली तर कशाला, असं चष्मेवाल्यांनी भीत भीत सुचवून पाहिलं.

"माझी गेली," बाई म्हणाल्या. "तुमची आहे ना?"

पहिल्या रविवारी ते छापखान्यात गेले. सूप आलं. चष्मेवाल्यांनी एक चमचा घेतला. बाई त्यांच्या तोंडाकडे बघत बसल्या.

"कसं आहे?"

"बरं आहे."

"पूर्ण वाक्यात."

"सूप बरं आहे," चष्मेवाले म्हणाले.

बाईंनी त्यांना पुन्हा चमचा घ्यायला लावला. जिभेवर आधी काय लागतं, गिळल्यावर काय उरतं, वास कशासारखा आहे, सगळं विचारलं. चष्मेवाल्यांना घाम फुटला. शेवटी ते म्हणाले, की टोमॅटो आधी लागतो, मग काही वेळ काहीच नाही, आणि शेवटी मिरी येते, पण उशिरा आल्यामुळे ओशाळल्यासारखी. बाईंनी डोळे मिटले आणि आपल्या वाटीतलं सूप सावकाश संपवलं. आजारानंतर त्यांनी वाटी संपवल्याचं चष्मेवाल्यांनी प्रथमच पाहिलं. त्यांना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. ते कोणी विचारलंही नव्हतं.

त्यानंतर चष्मेवाले सुधारत गेले. पाणचट आणि मिळमिळीत यांतला फरक त्यांना कळू लागला. खरपूस कुठे संपतं आणि करपलेलं कुठे सुरू होतं, यावर एकदा ते माशाचं ताट गार होईपर्यंत बोलले. दुकानातही गिऱ्हाईक अक्षरं वाचत असताना ते मनात शब्द जुळवत बसायचे. एका गृहस्थाला त्यांनी त्या भरात दुसऱ्याचाच चष्मा दिला. इकडे मालक लोकांना दिसायचं ते एवढंच, की एक माणूस ताटात नाक खुपसून गंभीरपणे काहीतरी सांगतोय आणि समोरची बाई मान डोलावतेय. हे दोघे सरकारी तपासणीचे असावेत, अशी कुजबुज झाली. त्यांना पंख्याखालचं टेबल मिळू लागलं. बाई मग आठवडाभर लोकांना सांगायच्या, अमक्याकडे जा, तमक्याकडे जाऊ नका. निम्मं गाव त्यांच्या हाताखाली भूगोलात नापास झालेलं, त्यामुळे त्यांच्या शब्दाबाहेर जायची कोणाची छाती नव्हती.

अशात बाईंच्या धाकट्या भावाने उपाहारगृह काढलं.

धाकटा आयुष्यभर खोक्यांच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तेव्हा त्याला पुठ्ठ्याच्या घड्यांखेरीज काही येत नव्हतं. पण हातावर हात ठेवून बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने टायरवाल्याचा जुना गाळा भाड्याने घेतला, भिंतींना पिवळा रंग दिला आणि जे मिळेल ते तेलात तळायला सुरुवात केली. बाईंनी त्याला आई गेल्यापासून लेकरासारखं वाढवलेलं. पहिल्या दिवशी पहिलं ताट त्याने ताईपुढे ठेवलं आणि दुसरं भावोजींपुढे, आणि हात पुसत उभा राहिला.

चष्मेवाल्यांनी तळलेल्या बटाट्याचा तुकडा तोंडात टाकला. तेल खवट होतं. बटाटा बाहेरून काळपट आणि आतून कच्चा होता. आणि गाळ्यातल्या टायरचा वास रंगाला न जुमानता भिंतीतून बाहेर येऊन ताटात बसला होता. त्यांनी वर पाहिलं. समोर दोन चेहरे, एकाच आईचे, एकाच आशेने बघत होते.

"खमंग आहे," चष्मेवाले म्हणाले. "बटाटे खमंग तळलेले आहेत."

बाईंचा चेहरा असा उजळला, की चष्मेवाल्यांनी आणखी दोन वाक्यं घातली.

एकदा खोटं बोललं की त्याला सोबत लागते. बाईंनी आता दर रविवारी भावाकडेच जायचं ठरवलं, आणि चष्मेवाले दर रविवारी त्या बटाट्यांत नवनवे गुण शोधू लागले. बाईंनी गावभर सांगितलं. गाव गेलं, एकदा खाऊन आलं, आणि बाईंना कोण सांगणार म्हणून गप्प बसलं. पुन्हा मात्र कोणी गेलं नाही. धाकटा रिकाम्या टेबलांवरून फडका फिरवत राहिला. चष्मेवाल्यांना हे दिसत होतं. आज सांगू, पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणता म्हणता गोष्ट इतकी जुनी झाली, की सांगायला तोंड उरलं नाही.

मग एका रविवारी, ताट समोर आलं असताना, बाई एकदम थांबल्या.

"इथे कसला वास येतोय?"

चष्मेवाल्यांचा घास गालातच राहिला. "कसला?"

"रबर तापल्यासारखा. तुम्हाला येतोय?"

धाकटा शेजारीच उभा होता. चष्मेवाल्यांनी घास गिळला. "नाही बुवा," ते म्हणाले.

बाईंनी चमचा खाली ठेवला. भलतेसलते वास येतील असं डॉक्टर म्हणाले होते, एवढंच त्या बोलल्या, आणि भावाला वाईट वाटू नये म्हणून दोन घास कसेबसे खाऊन उठल्या.

घरी परतताना त्या नेहमीसारख्या दुकानांच्या पाट्या वाचत नव्हत्या. खाली बघून चालत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "चव गेली ते मी पचवलं हो. पण नसलेलं जाणवायला लागलं, तर मग कशावर विसंबायचं माणसाने?" आवाज अगदी साधा होता. वर्गात पोरांना त्यांची भीती वाटायची. त्यांना स्वतःला भीती वाटलेली चष्मेवाल्यांनी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती.

एका घराच्या कुंपणाशी चष्मेवाले थांबले.

"येतो," ते म्हणाले.

"काय येतो?"

"रबराचा वास. मलाही येतो."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "पूर्ण वाक्यात सांगा."

"तुझ्या भावाच्या दुकानात पहिल्या दिवसापासून टायरचा वास येतो, तेल खवट आहे, बटाटे आतून कच्चे आहेत आणि मी तुला दर रविवारी खोटं सांगत आलोय."

त्यांनी आयुष्यात एका दमात बोललेलं हे सर्वांत मोठं वाक्य असावं. बाईंनी मान वर करून हवा हुंगली. मग कुंपणाजवळ गेल्या. "हा ओल्या रंगाचा?" चष्मेवाले हो म्हणाले, कुंपण नुकतंच रंगवलेलं होतं. दोन पावलं पुढे जाऊन बाई पुन्हा थांबल्या. "आणि हा?"

"गटाराचा."

"येतोय मला," बाई म्हणाल्या, आणि गटारापाशी उभ्या राहून त्यांनी दीर्घ श्वास घेतला. रस्त्याने जाणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने नमस्कार केला आणि बाई गटारावर काय करतायत हे न विचारता पुढे गेला. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसून त्या म्हणाल्या, "तुमच्यावर मला रागवायचंय. पण ते सावकाश करू. आधी मागे फिरा."

धाकटा टेबल पुसत होता. बाईंनी कढईवर वाकून वास घेतला आणि तेल खवट असल्याचं सांगितलं. धाकट्याने ताईकडे पाहिलं, मग भावोजींकडे.

"भावोजी तर खमंग म्हणायचे," तो म्हणाला.

"खोटं बोलत होतो," चष्मेवाले म्हणाले.

धाकटा खुर्चीवर बसला. तो चिडला नाही. चिडला असता तर चष्मेवाल्यांना सोपं गेलं असतं. "लोक परत का येत नाहीत म्हणून मी पाटी बदलली," तो म्हणाला. "खुर्च्या बदलल्या. पडदे बदलले. तेल तेवढं बदललं नाही, कारण बटाट्याला तुम्ही चांगलं म्हणत होतात."

बाईंनी बाह्या वर केल्या आणि कढई उचलायला चष्मेवाल्यांना दुसऱ्या बाजूने धरायला सांगितलं.

पुढचे काही महिने बाई रोज सकाळी भावाकडे जात. वास त्यांना तुटक तुटक परत येत होता: कांदा आला, लसूण आला, कॉफी काही केल्या येईना, लिंबाला साबणाचा वास यायचा. जे येत नव्हतं ते त्या हाताच्या अंदाजाने करून घेत. तळण धाकट्याला शेवटपर्यंत जमलं नाही. ते त्याने सोडून दिलं आणि अंडी, पाव आणि भाज्यांचं सूप यांवर आला. भिंती खरवडून पुन्हा रंगवल्या. गाव एकदम लोटलं असं नाही, पण दुपारी टेबलं भरू लागली. भावोजींशी तो कामापुरतं बोलायचा. चष्मेवाले तिथे गेले की तो ताट ठेवून लगेच आत जायचा. कसं झालंय ते विचारायचा नाही. त्यांना ते रास्त वाटायचं.

बाई ठरल्याप्रमाणे सावकाश रागावल्या. भांडण नाही, आदळआपट नाही. त्या चष्मेवाल्यांना वेळेवर वाढत, शेजारी बसून जेवत, आणि कसं झालंय हे विचारत नसत. रविवारची फेरी बंद झाली. आपल्याला हेच तर हवं होतं, असं चष्मेवाल्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. पण सवय लागली ती लागलीच. घास तोंडात गेला की शब्द जमायचे आणि ओठापाशी येऊन उभे राहायचे. दोनदा ते दुकानात गिऱ्हाइकाला न्याहारीबद्दल सांगून बसले.

एका संध्याकाळी बाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. चष्मेवाल्यांनी कोबीच्या भाजीचा घास घेतला आणि कोणी न विचारताच म्हणाले, "कोबी जरा जास्त शिजलाय. मीठ कमी आहे. ते तुझं पहिल्यापासूनच कमी असतं. पण मिरी सुंदर लागलीय."

बाई वळल्या नाहीत. नळ चालू होता, तो त्यांनी बंद केला.

"पहिल्यापासून म्हणजे?"

"लग्न झाल्यापासून."

बाईंनी हात पुसले, मिठाचा डबा आणून टेबलावर ठेवला आणि समोर बसल्या. भाजीचा एक घास घेऊन त्यांनी बराच वेळ चावला.

"मला मिरी अजून लागत नाही," त्या म्हणाल्या. "कशी लागलीय सांगा."

चष्मेवाले सांगू लागले. सांगता सांगता भाजी गार झाली, तशी बाईंनी ती पुन्हा गरम करायला ठेवली.